जुन्या पीसीवर कळ अडवताना: आधी कोण, मागून कोण?

टर्बो सी उघडायचं, प्रोग्रॅम लिहायचा, चालवायला कंट्रोल-एफ९ दाबायचं, आणि बघता बघता सगळी खिडकीच गायब. कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या संगणक शाखेच्या मुलामुलींना हा प्रसाद कधी ना कधी मिळतोच. सेव्ह न केलेला प्रोग्रॅम जातो आणि टर्बो सीच्या नावानं बोटं मोडली जातात. टर्बो सीचा यात काडीचाही दोष नाही. आजच्या लॅपटॉपवर ते डॉसबॉक्स या नकली डॉस पीसीच्या पोटात चालतं आणि डॉसबॉक्सच्या लेखी कंट्रोल-एफ९ म्हणजे स्वतःला तत्काळ बंद करण्याचा हुकूम. कळ टर्बो सीपर्यंत पोचतच नाही. डॉसबॉक्स ती वाटेत गिळतं. ऑल्ट-आर दाबून रन मेनू उघडा आणि पुन्हा आर दाबा, प्रोग्रॅम बिनबोभाट चालेल. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर कंट्रोल-एफ१ नं डॉसबॉक्सचा मॅपर उघडून ती जोडी दुसरीकडे हलवा.

कीबोर्ड अडवणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. कोणीतरी मध्ये उभं राहतं, कळ पाहतं आणि ती पुढे द्यायची की नाही हे ठरवतं. पुणे विद्यापीठाच्या संगणक शाखेच्या जुन्या प्रयोगवहीत ८०८६ च्या असेम्ब्लीत टीएसआर, म्हणजे संपल्यावरही मेमरीत राहणारा प्रोग्रॅम, लिहायचे दोन प्रयोग ठरलेले असत. एकात पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवायचं. दुसऱ्यात कीबोर्ड सात सेकंद शांत राहिला की स्क्रीन सेव्हर सुरू करायचा. कमिन्स महाविद्यालय कर्वेनगरात १९९१ साली सुरू झालं, म्हणजे डॉसच्या भर उमेदीच्या काळात. तेव्हापासून आजवर या परिसरातल्या झेरॉक्सच्या दुकानांतून या दोन प्रयोगांच्या किती प्रती निघाल्या असतील, देव जाणे. प्रत काढून प्रयोग चालायचा. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षक हमखास विचारायचे, ‘जुना हँडलर का बोलावला?’ आणि समोर शांतता पसरायची.

सगळं इंगित त्या प्रश्नातच आहे. जुन्या हँडलरला, म्हणजे तुमच्या आधीपासून कळ सांभाळणाऱ्या तुकड्याला, आधी बोलवायचं, मागून बोलवायचं की बोलवायचंच नाही, एवढं एक ठरवलंत की उरलेला प्रोग्रॅम आपोआप आकार घेतो. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी हे कागदावर ठरवा.

खाली इंटरप्ट, फंक्शन, पोर्ट आणि मेमरीचे पत्ते हेक्समध्ये दिले आहेत. कळांचे व अक्षरांचे कोड, तसेच बाकी सगळे आकडे नेहमीचे दशमान आहेत.

कळ दाबल्यावर काय होतं ते आधी पाहू. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला तेव्हापासून हा मार्ग मुळात तोच आहे. कीबोर्डच्या आत स्वतःची छोटी चिप असते. ‘के’ लिहिलेली कळ दाबली की पीसीकडे ३७ हा स्कॅन कोड येतो, सोडली की त्यात १२८ मिळवून १६५ येतो. इथे ‘के’ हे अक्षर कुठेच नाही. ३७ म्हणजे फक्त त्या जागेवरची कळ. कोड आल्याची वर्दी आयआरक्यू १ वरून प्रोसेसरला मिळते, प्रोसेसर हातातलं काम टाकून इंटरप्ट ९ च्या हँडलरकडे उडी घेतो. हा हँडलर बायॉसचा. तो पोर्ट ६० मधून कोड वाचतो, शिफ्ट, कंट्रोल, कॅप्स लॉक यांची स्थिती बघून अक्षर ठरवतो आणि स्कॅन कोड व अक्षर अशी दोन बाइटची जोडी बफरमध्ये टाकतो. बफर ३२ बाइटचा, पण भरलेला की रिकामा हे ओळखण्यासाठी एक जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणून त्यात १५ च कळा मावतात. सोळावीला मशीन ‘टूं’ करतं. वर्डस्टार असो, डीबेस असो की तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम, नंतर सवडीनं इंटरप्ट १६ मार्फत बफरमधून जोड्या उचलतो.

या ‘नंतर सवडीनं’कडे लक्ष ठेवा. कळ दाबण्याचा क्षण वेगळा आणि ती वाचली जाण्याचा क्षण वेगळा. पुढे एका ठिकाणी हाच फरक आपल्याला नडणार आहे.

आता हत्यारं. इंटरप्टचा पत्ता मिळवायला डॉसच्या इंटरप्ट २१ चं फंक्शन ३५, नवा पत्ता बसवायला २५ आणि प्रोग्रॅम संपल्यावरही मेमरीत मुक्काम ठोकायला ३१. टर्बो सीमध्ये याच कामांसाठी गेटव्हेक्ट, सेटव्हेक्ट आणि कीप ही फंक्शनं आहेत आणि हँडलरच्या नावाआधी ‘इंटरप्ट’ हा शब्द लिहिला की रजिस्टर जपण्याचं काम कंपायलर करतो. असेम्ब्लीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट कोरून ठेवावी: तुमचा हँडलर चालतो तेव्हा डीएस रजिस्टर तुमचा नसतो. ज्याच्या मध्येच तुम्ही घुसलात त्या प्रोग्रॅमचा असतो. आपले व्हेरिएबल सीएसच्या आधारानं वाचा, नाहीतर भलत्याच मेमरीत लिहाल आणि चूक प्रयोगशाळेत नाही, परीक्षेच्या दिवशी उगवेल. दुसरी गोष्ट, हँडलरमधून डॉसला हाक मारायची नाही. प्रिंटएफ नाही, फाइल उघडणं नाही. डॉस एका वेळी एकच काम हाती घेऊ शकतं. ते अर्ध्यावर असताना तुम्ही पुन्हा आत शिरलात तर मशीन गोठतं. पडद्यावर काही दाखवायचं असेल तर सरळ बी८००:०००० या पत्त्यावरच्या व्हिडिओ मेमरीत लिहा.

या विषयावर मराठी माणसानं लिहिलेलं इंग्रजी पुस्तकही आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात दिसलं तर सोडू नका.

सोप्यापासून सुरुवात करू, म्हणजे त्या सात सेकंदांच्या स्क्रीन सेव्हरपासून. टायमरचा इंटरप्ट ८ सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येतो, म्हणून सात सेकंद म्हणजे १२७ टिचक्या. इंटरप्ट ८ वर बसलेला तुमचा हँडलर मोजणी एकानं वाढवतो, इंटरप्ट ९ वर बसलेला ती शून्यावर आणतो. मोजणी १२७ झाली की पडद्याच्या ४००० बाइट बाजूला जपून ठेवायच्या (८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक जागेला अक्षर आणि रंग अशा दोन) आणि पडदा कोरा करायचा. इथे तुम्हाला कळ कोणती हे जाणून घ्यायचंही कारण नाही. फक्त कोणीतरी आलं एवढं कळलं की पुरे. तेव्हा मोजणी शून्य करा आणि निमूटपणे जुन्या हँडलरकडे उडी मारा. इंटरप्ट ८ च्या बाबतीतही तेच. जुन्याला बोलावलं नाहीत तर मशीनचं घड्याळ जागच्या जागी थांबेल.

पडदा झोपलेला असताना जागं करणारी पहिली कळ मात्र प्रोग्रॅममध्ये जाता कामा नये, नाहीतर कोणाच्या तरी पत्रात एक आगंतुक ‘एक्स’ उमटतो. म्हणजे ही एकच कळ गिळायची. गिळणं हा अडवण्यातला सर्वांत जोखमीचा प्रकार आहे, कारण जुन्या हँडलरची उरलेली कामंही मग तुमच्या गळ्यात पडतात. पोर्ट ६० वाचून कोड बाहेर काढायचा आणि शेवटी पोर्ट २० वर ३२ (हेक्समध्ये २०) हा आकडा पाठवून इंटरप्ट कंट्रोलरला ‘झालं’ असं कळवायचं. मूळ पीसी आणि एक्सटीवर त्याआधी पोर्ट ६१ चा सर्वांत वरचा बिट क्षणभर चढवून उतरवायचा, तेव्हा कुठे कीबोर्ड पुढची कळ पाठवतो. कंट्रोलरला कळवायला विसरलात तर कीबोर्ड मेला असं समजा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटसुद्धा चालणार नाही, कारण ती तिकडीही बायॉसचा इंटरप्ट ९ चा हँडलरच ओळखतो. उरतं ते रीसेटचं बटण. डॉसबॉक्समध्ये शिकायचा मोठा फायदा हाच. खिडकी बंद करून पुन्हा उघडली की झालं. उलट जुन्या हँडलरला बोलावलं असेल तर ‘झालं’ तुम्ही कळवू नका. ते काम त्याचं, आणि दोनदा कळवलं तर रांगेतला भलताच इंटरप्ट मिटवला जातो.

गिळताना मुलं हमखास एका ठिकाणी फसतात. कळ दाबल्याचा कोड आणि सोडल्याचा कोड हे दोन वेगळे निरोप आहेत. शिफ्ट दाबल्याचा कोड पुढे गेला आणि सोडल्याचा तुम्ही गिळलात, तर बायॉसच्या मते शिफ्ट अजून दाबलेलीच आहे. पुढचा सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत येऊ लागतो आणि माणूस कीबोर्ड उलटा करून झटकत बसतो. म्हणून सोडल्याचे कोड, म्हणजे १२८ च्या वरचे, शक्यतो कधीच गिळू नका. प्रोग्रॅमला त्यांचा उपद्रव नसतो. १०१ कळांच्या कीबोर्डवर बाणांच्या आणि होम-एंडच्या कळांआधी २२४ हा वेगळा कोड येतो, तो आला की पुढचा कोड याच जोडीतला आहे हे लक्षात ठेवावं लागतं. नम लॉक चालू असेल तर याच कळांबरोबर कीबोर्ड स्वतःहून खोटी शिफ्टही पाठवतो. पॉझ कळ तर सहा कोड एका दमात ओकते आणि सोडल्याचा निरोप देतच नाही. तिच्या वाटेला जाऊ नये हे उत्तम.

गिळायचंच असेल तर एक सभ्य वाट आहे. एटीच्या नंतरच्या बायॉसपासून इंटरप्ट ९ चा हँडलर कळ वाचल्यावर इंटरप्ट १५ ला फंक्शन ४एफ घेऊन हाक मारतो. स्कॅन कोड एएल रजिस्टरमध्ये असतो आणि कॅरी फ्लॅग चढवलेला असतो. तुम्ही इथे बसा. कॅरी उतरवून परतलात तर बायॉस ती कळ स्वतःच फेकून देतो आणि ‘झालं’ कळवण्यापासूनची सगळी आवराआवर करतो. एएलमध्ये दुसरा कोड घातलात तर त्या कळेच्या जागी ती दुसरी कळ धरली जाते. कॅप्स लॉक आणि कंट्रोलची अदलाबदल करायची असेल तर याहून सोपं काही नाही. डॉसबॉक्सही ही हाक मारतं. इंटरप्ट १५ कडे मेमरीची वगैरे इतर बरीच कामं असतात, तेव्हा फंक्शन ४एफ नसेल तर एकाही रजिस्टरला हात न लावता जुन्याकडे उडी मारा. हा तुकडा सीऐवजी असेम्ब्लीतच लिहिलेला बरा.

आता पुण्याला जवळचं काम. डॉसवर मराठी कशी टाइप होत असे? १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि त्यांच्या जिस्ट कार्डानं डॉसवरच्या मजकुरी प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या आणल्या. कार्ड मशीनच्या पोटातल्या खाचेत बसायचं आणि कीबोर्ड व पडदा या दोन्ही बाजू सांभाळायचं. मधल्या प्रोग्रॅमला आपण मराठी हाताळतोय याचा पत्ताही नसे. त्याला दिसायचे फक्त इस्कीचे कोड, जे १९९१ मध्ये आयएस १३१९४ या नावानं भारतीय मानक झाले: खालचे १२८ कोड इंग्रजीचे जसेच्या तसे, वरच्यांत देवनागरी. कळांची मांडणी इनस्क्रिप्टची, जी आजही विंडोज आणि लिनक्समध्ये मिळते.

यातली कीबोर्डची बाजू तुम्हाला लिहिता येईल. ‘कर्वे’ हा शब्द घ्या. इनस्क्रिप्टमध्ये क म्हणजे के, र म्हणजे जे, हलन्त डी वर, व बी वर आणि एकार एस वर. स्कॅन कोड ओळीनं ३७, ३६, ३२, ४८, ३१. इस्कीत व्हायला हवेत १७९, २०७, २३२, २१२, २२५. पुढे ‘नगर’साठी व्ही, आय, जे, म्हणजे ४७, २३, ३६ चे १९८, १८१, २०७. असे दोन तक्ते करायचे, एक साधा आणि एक शिफ्टचा. शिफ्टसह के म्हणजे ख, शिफ्टसह आय म्हणजे घ. मराठीत जायला-यायला कॅप्स लॉक वापरा. देवनागरीत मोठी अक्षरं नसल्यामुळे ती कळ बेकारच बसलेली असते.

तक्ता कुठे लावायचा? पहिला विचार येतो इंटरप्ट १६ चा: प्रोग्रॅम कळ मागेल तेव्हा जुन्याकडून घ्यावी, अक्षर बदलावं, द्यावी. कल्पना साधी आहे, पण इथे तो दोन क्षणांमधला फरक नडतो. डीबेस डिस्कवर काही शोधत असताना सराईत टायपिस्टनं शिफ्टसह के मारला, बोट उचललं, पुढची दोन अक्षरंही मारली. डीबेस मोकळं होऊन कळ मागतं तेव्हा तुम्ही शिफ्टची स्थिती तपासता, आणि ती तर केव्हाच सुटलेली. ‘खरं’चं ‘करं’ होतं. कॅप्स लॉकचंही तेच. माणूस इंग्रजीत परतलेला असतो आणि बफरमध्ये अडकलेली मराठी अक्षरं इंग्रजी होऊन बाहेर पडतात. हळू टाइप करून तपासलंत तर ही चूक कधीच दिसणार नाही. शिवाय फंक्शन १ आणि ११ उत्तर झीरो फ्लॅगमधून देतात, तो फ्लॅग सांभाळून परत करण्याची कसरत वेगळीच.

म्हणून माझी पसंती अशी: इंटरप्ट ९ वर बसा, पण जुन्याला आधी काम करू द्या. बफरचं शेपूट कुठे आहे हे ००४०:००१सी या पत्त्यावर असतं. ते आधी टिपून ठेवा, मग जुन्या हँडलरला बोलवा, तो परत आल्यावर इंटरप्ट बंद करून पुन्हा शेपूट बघा. हललं नसेल तर नवीन अक्षर आलेलं नाही, सुटका. हललं असेल तर जुनी जागा होती तिथेच ताजी जोडी बसलेली आहे. आता ००४०:००१७ वरचे बिट पहा. सहावा चढलेला असेल तर कॅप्स लॉक चालू. तो नसेल तर काही करू नका. दुसरा किंवा तिसरा चढलेला असेल तर कंट्रोल किंवा ऑल्ट दाबलेलं आहे, तेव्हाही हात लावू नका, नाहीतर वर्डस्टारच्या सगळ्या आज्ञा कोलमडतील. शून्यावा किंवा पहिला म्हणजे शिफ्ट. त्यावरून दोनपैकी एक तक्ता निवडा. जोडीतला वरचा बाइट स्कॅन कोड, खालचा अक्षर. तक्त्यात त्या कोडसमोर काही असेल तर फक्त खालचा बाइट बदला. कोड तक्त्याबाहेरचा असेल, म्हणजे बाण, एफच्या कळा वगैरे, तर सोडून द्या. बफर गोल फिरतो याचीही काळजी या पद्धतीत घ्यावी लागत नाही, कारण शेपटाची आधीची जागा तुमच्या हातात असते.

सगळे निर्णय कळ दाबल्याच्या क्षणी होतात, पोर्टला हात लागत नाही, ‘झालं’ कळवणं जुन्याकडे राहतं. सीमध्ये हे तीसेक ओळींत बसतं.

जिस्ट कार्ड नसलेल्या मशीनवर तपासताना पडद्यावर ‘कर्वे’ दिसेल या आशेवर राहू नका. १७९ या कोडला आयबीएमच्या मूळ अक्षरसंचात चौकटी काढायची उभी रेघ आहे, २३२ ला ग्रीक फाय. ‘कर्वे’ टाइप केल्यावर एक उभी रेघ, चौकटीचा तुकडा, फाय, पुन्हा चौकटीचा तुकडा आणि जर्मन एसएस असं काहीतरी चमत्कारिक उमटलं, की समजा कीबोर्डची बाजू बिनचूक झाली. वर्डस्टारमध्ये तपासणार असाल तर नॉन-डॉक्युमेंट मोड घ्या. डॉक्युमेंट मोडमध्ये वर्डस्टार आठवा बिट स्वतःच्या खुणांसाठी वापरतं आणि इस्कीचं सगळं घरच त्या आठव्या बिटावर उभं आहे.

मेमरीतून बाहेर पडणं हा भाग प्रयोगवह्या बहुधा गाळतात. जुना पत्ता परत बसवण्याआधी व्हेक्टरमध्ये, म्हणजे इंटरप्टच्या पत्त्याच्या जागी, अजून तुमचाच पत्ता आहे का ते पहा. तुमच्यानंतर दुसरा टीएसआर येऊन बसला असेल तर त्याच्या साखळीत तुमचा पत्ता अडकलेला आहे. तुम्ही मेमरी सोडलीत तर तो रिकाम्या जागी उडी मारेल. अशा वेळी ‘आधी त्याला काढा’ असा निरोप देऊन गप्प बसावं. तोच टीएसआर दोनदा चढू नये म्हणून इंटरप्ट २एफ वर स्वतःची एखादी खूण ठेवा, नाहीतर दोन प्रती मेमरी अडवून बसतील आणि एक प्रत दुसरीनं कोरा केलेला पडदाच जपून ठेवेल.

ही विद्या वापरून दुसऱ्याच्या कळा चोरून लिहिणारे प्रोग्रॅमही होतात, डॉसवर होत आणि विंडोजवर आजही होतात. स्वतःच्या मशीनवर काय वाटेल ते करा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशीनवर बसवाल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ४३ आणि ६६ आडवी येतील.

डॉसबॉक्समध्ये सगळं ठीक चाललं की एकदा खऱ्या मशीनवर पहा. पेनड्राइव्हवर फ्रीडॉस घालून जुना पीसी सुरू करता येतो. बायॉसमध्ये लेगसी यूएसबीचा पर्याय चालू असेल तर यूएसबी कीबोर्डच्या कळाही पोर्ट ६० वर आल्यासारख्या दिसतात, पण जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड मिळाला तर तोच जोडा. मग दोन्ही शिफ्ट, उजवं ऑल्ट आणि बाणांच्या कळा नम लॉक चालू असताना व बंद असताना वेगवेगळ्या क्रमानं दाबून सोडा, आणि दर वेळी ००४०:००१७ चे खालचे चार बिट शून्यावर येतात का ते डॉसच्या डीबगमधून बघा. एखादा चढलेलाच राहिला तर सोडल्याचा कोड कुठेतरी गिळला जातोय. तो तुमच्याच हँडलरमध्ये शोधा.